चढावरची दोन शहरं: आईबरोबर लिस्बन आणि पोर्तो

युरोपला जायचं म्हटलं की आपल्याकडे आधी देशांची यादी तयार होते. रोज सकाळी बॅग भरायची, बसमध्ये बसायचं, उतरून फोटो काढायचे, पुन्हा बसमध्ये. आईला घेऊन जायचं ठरलं तेव्हा मला हे नको होतं. तिचं वय पासष्टच्या पुढे, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि स्वभाव असा की एखादी जागा आवडली की तिथून लवकर उठायचं नाही. म्हणून एकच देश घेतला आणि त्यातली दोनच शहरं, लिस्बन आणि पोर्तो.

पोर्तुगालच का, याचं कारण घराजवळ आहे. आम्ही वसईचे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधली दोनशे वर्षं आमच्या किल्ल्यात छप्पर उडालेल्या चर्चच्या रूपात अजून उभी आहेत. घरी पाहुणे आले की आई त्यांना किल्ल्यात घेऊन जायची, जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळांवरची पोर्तुगीज अक्षरं दाखवायची. ही माणसं आली कुठून, ते गाव एकदा बघायचं, असं ती बरीच वर्षं म्हणत होती.

व्हिसाबद्दल थोडक्यात. पोर्तुगाल शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात येतो. सगळा मुक्काम एकाच देशात असला की अर्ज सरळ होतो, कारण मुख्य मुक्काम कुठे हा प्रश्नच उरत नाही. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, अर्ज घेणाऱ्या केंद्राचा सेवाआकार वेगळा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तो लवकर करा, कारण उन्हाळ्याच्या तोंडावर केंद्रावरच्या वेळा मिळत नाहीत. बोटांचे ठसे एकदा दिले की ५९ महिने चालतात. आईचे पहिल्यांदाच होते, त्यामुळे तिला जातीने यावं लागलं. ती निवृत्त, खर्च माझा, म्हणून माझं हमीपत्र, माझी बँकेची खाती आणि तिचे पेन्शनचे कागद असं सगळं एकत्र लावलं. तिकीट काढताना एक करा: जाताना लिस्बनला उतरा आणि परतताना पोर्तोहून निघा. दोन्हीकडे मोठे विमानतळ आहेत, भाड्यात फारसा फरक पडत नाही आणि उलट फिरून येण्याचा एक दिवस वाचतो.

आता मुद्द्याची गोष्ट, आणि ती मी सगळ्यांना आवर्जून सांगते. या दोन शहरांत अंतर बघू नका, उंची बघा. लिस्बन टेकड्यांवर वसलंय, पोर्तो नदीच्या कड्यावर. नकाशावर पाच मिनिटांचं दिसणारं अंतर प्रत्यक्षात दोनशे पायऱ्यांचं असू शकतं. राहण्याची जागा निवडताना मी प्रत्येक पत्त्यावरून जवळच्या मेट्रो स्टेशनपर्यंत चालण्याचा मार्ग टाकून त्यातला चढ बघितला, रस्त्याचे फोटो उघडून पायऱ्या आहेत का ते तपासलं, आणि मालकांना तीनच प्रश्न विचारले. इमारतीला लिफ्ट आहे का? रस्त्यावरून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती? टॅक्सी दारापर्यंत येते का? जुन्या इमारतींना पुष्कळदा लिफ्ट नसते आणि जिने लाकडी, उभट असतात. ज्यांनी गोलमोल उत्तरं दिली ती घरं मी सोडून दिली, फोटो कितीही सुंदर असले तरी.

लिस्बनमध्ये आम्ही बाइशा भागात राहिलो. दोन टेकड्यांच्या मधला हा सखल, सपाट पट्टा. रस्ते सरळ, काटकोनात छेदणारे, इमारती एका उंचीच्या. ही आखणी १७५५ नंतरची. त्या वर्षी १ नोव्हेंबरला सकाळी, ऑल सेंट्स डेच्या प्रार्थनेला चर्च भरलेली असताना भूकंप झाला. मागोमाग नदीतून त्सुनामीच्या लाटा आल्या आणि नंतर कित्येक दिवस आग पेटत राहिली. मार्किस द पोंबाल या मंत्र्याने हा भाग नव्याने उभा करून घेतला. भिंतींच्या आत लाकडी पट्ट्यांचा पिंजरा घातला, जमीन हलली तर इमारत लवचीक राहावी म्हणून. आम्ही न्याहारी करायचो त्या कॅफेत भिंतीचा एक तुकडा प्लास्टर न करता काचेआड तसाच ठेवला होता. उभे, आडवे आणि फुलीसारखे तिरपे लाकडाचे तुकडे, मधे दगडचुना. आईने काचेला नाक लावून तो पाहिला. सपाट रस्त्यावर राहण्याचा फायदा असा की सकाळी बाहेर पडताना आणि रात्री दमून परतताना चढ नसतो, आणि माझ्या मते ज्येष्ठांच्या सहलीत याहून मोठी सोय नाही.

वर जायचं कसं, याची उत्तरं शहरानेच करून ठेवलीत, फक्त ती पाट्यांवर ठळक नसतात. बाइशा-शियादो हे मेट्रो स्टेशन टेकडीच्या पोटात आहे. त्याचं एक तोंड खाली बाइशात, दुसरं वर शियादोच्या चौकात, आणि मधे सरकते जिने. तिकीट न काढता खालून वर जाता येतं. आम्ही दिवसातून कितीदा तरी तसे गेलो. सांव जॉर्जच्या किल्ल्याकडे जायला बाइशातल्याच रुआ दोस फांकेइरोसवर एका साध्या इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट. ती अर्ध्या टेकडीवर सोडते. थोडं चाललं की सुपरमार्केट असलेली पार्किंगची इमारत लागते, तिथली लिफ्ट आणखी वर नेते. तिथून किल्ल्याच्या दारापर्यंतचा चढ आई हळूहळू, दोनदा टेकत चढली. निघण्याआधी लिफ्ट चालू आहे ना, हे मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या.

सांता जुस्ताची लोखंडी लिफ्ट १९०२ ची. दिसायला देखणी, पण तिच्या रांगेत माणसं उन्हात तास-तास उभी असतात. तिचं वरचं टोक कार्मोच्या चौकाशेजारी पुलाने जोडलेलं आहे, त्यामुळे शियादोमार्गे वर जाऊन तो परिसर आणि खालचं बाइशा रांगेशिवाय बघता येतं. दोरखंडावर चालणाऱ्या जुन्या पिवळ्या डब्यांच्या भरवशावर मात्र दिवस आखू नका. आम्ही परतल्यानंतर, सप्टेंबर २०२५ मध्ये, ग्लोरियाच्या चढावरचा डबा घसरून १६ माणसं गेली. आम्ही त्या रस्त्याच्या तोंडाशी उभं राहून वर-खाली होणारे डबे बघितले होते. बातमी वाचली तेव्हा आईने त्या दिवशी देवासमोर दिवा लावला.

अठ्ठावीस नंबरच्या ट्रॅमबद्दल सगळेच लिहितात. लाकडी बाकांची जुनी ट्रॅम अल्फामा या जुन्या वस्तीच्या बोळांतून भिंतींना घासून जाते, हे खरं. पण मार्तिम मोनिझच्या टोकाला रांग प्रचंड, आत उभं राहायला जागा नाही आणि गर्दीत खिसे कापले जातात. दुसऱ्या टोकाहून, काम्पो द ओरीकच्या प्राझेरेस थांब्यावरून, सकाळी लवकर बसलं तर खिडकीची जागा मिळते. पैसे कार्डाने द्या. मेट्रोच्या यंत्रातून अर्ध्या युरोला मिळणारं नावेगांते कार्ड घेऊन त्यात रक्कम भरली की मेट्रो, बस, ट्रॅम सगळीकडे चालतं. चालकाकडून घेतलेलं तिकीट बरंच महाग पडतं. प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं, एका कार्डावर दोघं चालत नाहीत.

बूट हा दुसरा विषय. लिस्बनचे फुटपाथ चुनखडीच्या छोट्या पांढऱ्या-काळ्या दगडांचे. रोसियो चौकात त्यांच्या लाटा काढल्यात आणि बघताना खरोखर जमीन हलल्याचा भास होतो. शंभर वर्षांच्या पावलांनी ते दगड गुळगुळीत झालेत, चार थेंब पडले की शेवाळलेल्या विहिरीच्या पायरीसारखे निसरडे होतात. उतारावर तर फारच. रबरी, खाचा असलेल्या तळव्याचेच बूट न्या. आईची काठी मी सामानात घातली तेव्हा ती कुरकुरली होती, लिस्बनमध्ये तिने ती हातातून सोडली नाही.

बेलेम हा नदीकाठचा भाग पूर्ण सपाट आहे, त्यामुळे पहिला मोठा दिवस आम्ही तिथे घालवला. जेरोनिमोस मठाचं काम १५०१-०२ च्या सुमारास सुरू झालं आणि पैसा आला तो मुख्यतः आफ्रिका-आशियातून येणाऱ्या मसाल्यांवरच्या करातून. आपल्या किनाऱ्यावरून गेलेल्या मिरीचा तो मठ आहे, असं मी आईला म्हटलं. ती खांबांवर कोरलेले दोरखंड आणि गाठी बघत होती. दगडात दोर पिळलेला आहे, आणि पिळाची दिशासुद्धा खांबागणिक बदलते. चर्चमध्ये शिरल्यावर डाव्या हाताला वास्को द गामाचं थडगं, उजवीकडे कवी कामोंइश यांचं. गामा १५२४ मध्ये कोचीला वारला, अवशेष नंतर पोर्तुगालला नेले आणि या मठात ते १८८० मध्ये आले. थडग्याच्या बाजूवर एक जहाज कोरलंय, शिडं फुगलेली.

आई बराच वेळ तिथे उभी राहिली आणि म्हणाली, "हा निघाला ते इथूनच ना? याला निरोप द्यायला आलेल्या बायका इथेच कुठेतरी उभ्या असतील." पुढे नदीकाठी दर्यावर्दींचं ५२ मीटर उंच स्मारक आहे, १९६० मध्ये बांधलेलं. त्यावर राजे, खलाशी, धर्मोपदेशक, नकाशे काढणारे असे सगळे जहाजाच्या नाळेवर चढताना दाखवलेत. ज्या किनाऱ्यांवर ते उतरले तिथला एकही माणूस त्यात नाही. वसईच्या माणसाला हे खुपतं, आणि खुपावं असंच मला वाटतं. बेलेमचा मनोरा दुरुस्तीसाठी बंद होता, तो आम्ही बाहेरून पाहिला. मठात सकाळी उघडताना जा आणि सोमवार टाळा. पासष्टीवरच्या माणसाचं वय दाखवणारा पासपोर्ट जवळ ठेवा, सरकारी स्मारकांत सवलत मिळते. शिवाय ज्येष्ठ माणसाला चालण्या-उभं राहण्याची अडचण स्पष्ट दिसत असेल तर तिथल्या कायद्याने रांगेत प्राधान्य आहे. काठी दिसली की कर्मचारी स्वतःहून पुढे बोलवत. कुणी कपाळाला आठी घातली नाही.

शेजारीच १८३७ पासूनचं पास्तेइश द बेलेम हे मिठाईचं दुकान. तिथला नाता म्हणजे कडेला कुरकुरीत पापुद्रे आणि मधे अंड्याच्या बलकाचा दाट, वरून करपलेला भाग. अंडं न खाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. बाहेर पुडा बांधून नेणाऱ्यांची रांग लांबलचक असते. आत मात्र कित्येक दालनं आहेत आणि टेबलाची रांग भराभर सरकते. दालचिनीची पूड टेबलावर ठेवलेली असते, ती भुरभुरायची. आईने दुसरा मागवला.

लिस्बनमध्ये आम्ही सर्वांत जास्त वेळ बसलो तो कार्मोच्या चौकात. चौकात नीलमोहराची झाडं आहेत. जूनच्या सुरुवातीला ती अजून फुललेली होती आणि बाकांवर जांभळा सडा पडत होता. एका बाजूला कार्मो मठाचं चर्च. भूकंपात छप्पर कोसळलं, नंतर पूर्ण बांधलंच नाही. कमानी उभ्या, वर आकाश, खाली हिरवळ. आतल्या भागात आता पुरातत्त्वाचं छोटं संग्रहालय आहे. आम्ही तिकीट काढून आत गेलो आणि आई म्हणाली, "अगं, हे तर आपल्याकडचंच." आमच्या किल्ल्यातल्या चर्चांत उभं राहिलं की असंच वर बघावं लागतं. इथे भूकंप, तिथे लढाई आणि नंतरची दोन-अडीच शतकांची आबाळ. फरक जपण्याचा आहे. कार्मोच्या दगडाच्या सांध्यांत एक रोप दिसलं नाही, आमच्या भिंतींत वडा-पिंपळाची मुळं शिरलीत. हे बघून मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

त्याच चौकात जुनी बराक आहे. २५ एप्रिल १९७४ ला सैनिकांनी हुकूमशाही उलथली तेव्हा पंतप्रधान मार्सेलो काएतानो या बराकीत लपला होता आणि इथेच त्याने शरणागती दिली. बंदुकांच्या नळीत लोकांनी कार्नेशनची फुलं खोवली म्हणून ती कार्नेशन क्रांती. गोव्याशी याचा थेट संबंध आहे. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, पण लिस्बनच्या जुन्या राजवटीने ते मान्यच केलं नव्हतं. क्रांतीनंतर, १९७४ संपता संपता, पोर्तुगालने करार करून गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. एवढं सगळं ज्या बाकासमोर घडलं तिथे मुलं फुटबॉल खेळत होती आणि आम्ही गलाओ पीत होतो, उंच ग्लासातली दुधाची कॉफी. ज्यांना आपला दाट दुधाचा चहा लागतो त्यांनी हीच मागवावी.

खाण्याचं म्हणाल तर आम्ही मासेखाऊ, त्यामुळे अडलं नाही. १२-१३ जूनला लिस्बनचा सांतो आंतोनियोचा सण असतो. आधीच्या दिवसांतच अल्फामाच्या बोळांत रंगीत कागदांच्या माळा लागतात आणि दारांसमोर कोळशावर सार्डिन भाजायला लागतात. अख्खा मासा, जाडं मीठ, बस. पावाच्या जाड कापावर ठेवून देतात, तेल पावात मुरतं, शेवटी तो पाव खायचा. आईने काटे अशा सफाईने काढले की शेजारच्या टेबलावरच्या आजीबाई मान डोलवून हसल्या. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी गप्पा झाल्या.

नदीजवळच्या रुआ दो आर्सेनालवर बाकाल्यावची दुकानं आहेत. खारवून वाळवलेला कॉड मासा फळीसारखा ताठ, थप्प्या लावलेला. दुकानदार तो करवतीने कापून देतो. गंमत म्हणजे हा मासा पोर्तुगालच्या समुद्रातला नाही, नॉर्वे-आइसलंडकडचा. एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवल्याशिवाय रांधता येत नाही. अर्नाळ्याला बांबूवर वाळणारे बोंबील बघत मोठ्या झालेल्या बाईला त्या दुकानातून बाहेर काढणं अवघड होतं. तिने वास घेतला, जाडी चाचपली आणि मीठ बाहेरून लावतात की पाण्यात बुडवतात, हे मला विचारायला लावलं. कोरडं मीठ थरांत घालतात, असं उत्तर मिळालं.

शाकाहारींना थोडं जपावं लागतं. काल्दो वेर्द नावाचं हिरव्या पानांचं सूप शाकाहारी दिसतं, पण त्यात बहुधा सॉसेजची चकती असते. 'सें कार्ने, सें पेश' म्हणजे मांस नको, मासा नको, एवढं पाठ करून ठेवा. मार्तिम मोनिझच्या आसपास भारतीय, बांगलादेशी, नेपाळी दुकानं आहेत, तांदूळ-डाळ-मसाले सगळं मिळतं, स्वयंपाकघर असलेलं घर घेतलंत तर निभेल. हॉटेलात बसल्याबरोबर पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं, ते फुकट नसतं. खाल्लं तर पैसे, नको असेल तर हात न लावता परत द्या, कुणी वाईट मानत नाही. दुपारी 'प्रातो दो दिया' मागवा, म्हणजे त्या दिवसाचं ठरलेलं जेवण. स्वस्त आणि ताजं. तीननंतर स्वयंपाकघरं बंद होतात, रात्री साडेसातच्या आधी कुणी वाढत नाही. आईच्या गोळ्यांच्या वेळा आम्ही त्याप्रमाणे बसवल्या.

फादोला, म्हणजे इथल्या पारंपरिक गाण्याच्या मैफलीला, जरूर जा. एका संध्याकाळी अल्फामातल्या लहानशा जागेत गेलो. आधी जागा राखावी लागते आणि किमान किती रुपयांचं, म्हणजे युरोंचं, खावं लागेल ते विचारून घ्यावं लागतं. दिवे मंद होतात, वाढणं थांबतं आणि गाणं सुरू झालं की कुणी चमचासुद्धा वाजवत नाही. बारा तारांची पोर्तुगीज गिटार, एक साधी गिटार, आणि काळी शाल घेतलेली गायिका. माइक नाही. ती डोळे मिटून, डोकं मागे टाकून गात होती आणि गळ्याच्या शिरा दिसत होत्या. युनेस्कोने २०११ मध्ये फादोला वारशाच्या यादीत घेतलं, पण त्या खोलीतली शांतता बघितल्यावर यादीची गरज वाटली नाही.

सिंत्राला आम्ही गेलो नाही. रोसियोहून गाडीने चाळीसेक मिनिटांवर आहे, राजवाडे सुंदर आहेत, पण तिथे पुन्हा चढ, बसच्या रांगा आणि वेळेची तिकिटं. पाय दुखरे असतील तर तो दिवस लिस्बनलाच द्या.

लिस्बनहून पोर्तोला रेल्वेने जा. सांता अपोलोनिया किंवा ओरिएंते स्टेशनवरून आल्फा पेंदुलार ही वेगवान गाडी तीनेक तासांत पोचवते. पासष्टीपुढच्या प्रवाशाला, कोणत्याही देशाचा असो, वयाचा पुरावा दाखवल्यावर निम्मं भाडं. आईचं तिकीट त्यात काढलं, माझं लवकर काढल्यामुळे सवलतीत मिळालं. डाव्या हाताच्या खिडक्या घ्या. पोर्तो जवळ आलं की गाडी समुद्राला लागून धावते, आणि दोरो नदी ओलांडताना त्याच बाजूला आयफेलच्या कंपनीने १८७७ मध्ये बांधलेला मारिया पिया पूल दिसतो. लोखंडी जाळीची एकच मोठी कमान, १९९१ पर्यंत गाड्या त्यावरूनच जात. गाडी कांपान्याला थांबते. तिथून त्याच तिकिटावर लोकलने सांव बेंतोला यायचं, शहराच्या मध्यात.

सांव बेंतो हे चालू स्टेशन आहे, लोकं लोकल पकडायला धावत असतात, आणि चारी भिंतींवर सुमारे वीस हजार निळ्या-पांढऱ्या फरश्यांची चित्रं. चित्रकार जॉर्ज कोलासो, स्टेशन सुरू झालं १९१६ मध्ये. लढाया, राजा पहिला जुआंव आणि इंग्लंडची फिलिपा यांचं १३८७ मधलं पोर्तोतलं आगमन, १४१५ मध्ये पोर्तुगीजांनी उत्तर आफ्रिकेतलं सेउटा जिंकल्याचा प्रसंग. सगळे वर बघतात. आईला आवडली ती खालची, तिच्या उंचीवरची चित्रं: द्राक्षं तोडणाऱ्या बाया, बैलगाडी, पाणचक्की. मी एका घोड्याजवळ उभी राहिले. त्याचा डोळा बरोबर दोन फरश्यांच्या सांध्यावर आलाय, अर्धा एकीवर, अर्धा दुसरीवर, आणि निळ्याची छटा किंचित वेगळी. कोलासोने हे जोडताना किती ताप घेतला असेल.

पोर्तोत राहायला रिबेइरा घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत. नदीकाठचा तो रंगीत घरांचा भाग १९९६ पासून जागतिक वारसा आहे आणि सुंदर आहेच, पण तो तळाला आहे. कुठेही जायचं तर चढच. वर, बोल्यांव किंवा त्रिंदादे स्टेशनजवळ राहा. बोल्यांवचा जुना बाजार दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये पुन्हा उघडला. भाजीवाल्या, मासळीवाल्या, फुलंवाल्या जागच्या जागी आहेत, सकाळची फेरी तिथेच.

आणि आता पोर्तोतली आमची सर्वांत चांगली वाट, जिच्यात चढ जवळपास नाहीच. सांव बेंतोहून पिवळ्या डी लाइनची मेट्रो घ्या. पुढचंच स्टेशन नदीपलीकडचं जार्दिम दो मोरो. मेट्रो दोम लुईस पुलाच्या वरच्या मजल्यावरून जाते. हा पूल १८८६ चा, आयफेलचा जुना भागीदार तेओफिल सेरिग याने आखलेला. वरच्या मजल्यावरून चालतही जाता येतं, सपाट आहे. आई अर्ध्यापर्यंत चालत गेली, कठडा धरून खाली नदी बघितली आणि परत फिरली. जार्दिम दो मोरोच्या बागेत बसा, पूर्ण शहर समोर असतं. तिथूनच केबल कार थेट खाली, गाया नावाच्या पलीकडच्या गावाच्या काठावर उतरवते. तिथे पोर्ट वाइनची कोठारं. चढावरची सोडा, काठाजवळची निवडा. मग पुलाच्या खालच्या मजल्यावरून चालत रिबेइरात या, जेवा, आणि पुलाशेजारच्या गिंदाइस फ्युनिक्युलरने (उतारावर दोरखंडाने ओढला जाणारा डबा) वर बाताल्या चौकात. केबल कार आणि फ्युनिक्युलरचं तिकीट वेगळं लागतं. अख्खा दिवस गेला आणि आईचा गुडघा सुजला नाही.

कोठारातली फेरी ज्यांना वाइन प्यायची नाही त्यांनीही करावी. द्राक्षाचा रस आंबत असतानाच त्यात द्राक्षांपासूनच गाळलेली कडक दारू घालतात. त्यामुळे आंबण्याची क्रिया मधेच थांबते आणि साखर उरते, म्हणून पोर्ट गोड आणि जड. द्राक्षं इथली नाहीत, नदीच्या वरच्या अंगाच्या दोरो खोऱ्यातली. पूर्वी पिंपं राबेलो नावाच्या सपाट तळाच्या नावांतून प्रवाहाबरोबर खाली यायची. आता ट्रक येतात आणि नावा काठाला शोभेसाठी उभ्या असतात. १७५६ मध्ये या खोऱ्याची हद्द आखून दिली ती त्याच पोंबालने, भूकंपानंतर एका वर्षात. आतला गारवा, ओली जमीन, लाकडाचा गोडसर वास. टॉनी म्हणजे लाकडात वर्षानुवर्षं मुरून तांबूस झालेली, ती आईने ओठाला लावली आणि उरलेली मला दिली.

लेलो हे पुस्तकांचं दुकान १९०६ चं, लाल जिन्यासाठी प्रसिद्ध. आत जायला तिकीट लागतं, पुस्तक घेतलं तर ती रक्कम वळती होते. सकाळची पहिली वेळ मिळाली तर जा, नाहीतर त्या गर्दीत पुस्तकाचं पान उलटणंही जमत नाही. पुस्तकांसाठीच जायचं तर लिस्बनच्या शियादोतलं १७३२ पासूनचं बेर्त्रांद मला कितीतरी जवळचं वाटलं. क्लेरिगोसचा मनोरा सव्वादोनशे पायऱ्यांचा. मी एकटी चढले, आई खाली कॉफी पीत बसली. फ्रांसेझिन्या हा पोर्तोचा प्रसिद्ध पदार्थ म्हणजे पावात मांसाचे थर, वर चीज, त्यावर बियर-टोमॅटोचा गरम रस्सा. त्यात बहुधा बीफ आणि डुकराचं मांस दोन्ही असतं, चालत नसेल तर आधी विचारा. शाकाहारी प्रकारही काही ठिकाणी मिळतो.

पोर्तोत पाऊस लिस्बनपेक्षा जास्त, जूनमध्येही एक सकाळ रिमझिम लागली. त्या दिवशी आम्ही इंफांतेहून एक नंबरच्या जुन्या ट्रॅमने नदीकाठाने समुद्राच्या तोंडापर्यंत गेलो. जायला वीस-पंचवीस मिनिटं, बसून, खिडकीतून सगळं दिसतं.

पैशांचं सांगायचं राहिलं. दोन्ही शहरं मुक्कामावर दर माणशी दर रात्री कर घेतात, लिस्बन ४ युरो आणि पोर्तो ३. तो खोलीच्या भाड्यात बहुतेकदा धरलेला नसतो, निघताना रोख किंवा कार्डाने द्यावा लागतो. पोर्तोच्या मेट्रोला आंदांते कार्ड. विमानतळाकडे जायला जांभळी ई लाइन, झेड-४ म्हणजे चार झोनचं तिकीट, त्रिंदादेहून साधारण अर्धा तास. स्टेशनात शिरताना फाटकं नाहीत, पण खांबावरच्या यंत्राला कार्ड टेकवायलाच हवं, तपासनीस येतात. लिस्बनला किमान चार रात्री आणि पोर्तोला तीन द्या. दिवस कमी असतील तर शहरं दोनाची एक करा, पण दिवसाचे तुकडे करू नका. आणि ज्येष्ठ माणसाबरोबर जात असाल तर रोज दुपारी दोन ते चार मुक्कामी परतून पाठ टेकायची वेळ राखून ठेवा. जूनमध्ये सूर्य रात्री नवाला मावळतो, फिरायला पुष्कळ उजेड उरतो.